प्रकल्प नोंदी: प्रोटीएजच्या दारातली रांग

६ जानेवारी २०२५, सांगली

आज काम सुरू केलं. विषय एका वाक्यात असा: जिवाणूच्या एकेका पेशीत प्रथिनं कशी आणि किती वेगाने मोडीत निघतात, आणि त्याचा माणसाने बांधलेल्या जनुकीय सर्किटवर (एकमेकांना चालू-बंद करणारी जोडलेली जनुकं) काय परिणाम होतो. आमच्या विभागात चांगला फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नाही, त्यामुळे आधी सगळं संगणकावर. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना पटेल असं काही हाती लागलं, तर पुण्याकडे कुठे तरी मायक्रोस्कोपचा वेळ मागायचा. सोबत एमएस्सीचे दोघं आहेत: तासगावची एक (फिजिक्स) आणि वाळवा तालुक्यातला एक (मायक्रो).

विषय का घेतला तेही लिहून ठेवतो. पाठ्यपुस्तकात जनुकापासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन असे ठळक बाण असतात. प्रथिन संपतं कसं, याला एक बारीक बाण आणि पुढे रिकामं वर्तुळ. २००४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल युबिक्विटिन ही खूण लावून प्रथिनं मोडीत काढण्याच्या यंत्रणेच्या शोधासाठी सिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना मिळालं, म्हणजे मोडतोडीला मान मिळालेला आहे. पण सर्किटचं मॉडेल लिहायला बसलं की बहुतेक जण 'वजा गॅमा एक्स' (एक्स म्हणजे रेणूंची संख्या: जितके रेणू, त्याच प्रमाणात घट) लिहून पुढे सरकतात. माझं भांडण त्या वजा गॅमा एक्सशी आहे.

८ जानेवारी

आधी पाया. ई. कोलाय या जिवाणूमधली बहुतेक प्रथिनं टिकाऊ असतात. ती मोडत नाहीत, पेशी वाढून दुभंगते तेव्हा वाटली जातात. पेशी ३० मिनिटांत दुप्पट होत असेल तर या पातळ होण्याचा दर ०.६९३ भागिले ३०, म्हणजे मिनिटाला ०.०२३१. ज्या सर्किटला झटपट चालू-बंद व्हायचंय त्याला हा वेग पुरत नाही. मग शेपटी लावतात.

ही शेपटी माणसाची कल्पना नाही. तुटक्या आरएनएवर रायबोसोम (प्रथिन बनवणारं यंत्र) अडकून पडला की पेशी अर्धवट प्रथिनाच्या टोकाला ११ अमिनो आम्लांचा तुकडा जोडते. ती खूण दिसली की क्लिपएक्सपी नावाचं प्रोटीएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) ते प्रथिन उलगडून आत ओढतं आणि कापून टाकतं. सर्किट बांधणाऱ्यांनी हीच खूण उसनी घेतली. १९९८ मध्ये या शेपटीची शेवटची तीन अक्षरं (म्हणजे अमिनो आम्लं) बदलून जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या वेगवेगळ्या आयुष्याच्या आवृत्त्या तयार झाल्या: एलव्हीएचं अर्धायुष्य साधारण ४० मिनिटं, एएव्हीचं ६०, एएसव्हीचं ११०. शेपटीविना जीएफपी दिवसभरातही हलत नाही.

दोघांना गणित घातलं: नुसत्या प्रोटीएजने अर्धायुष्य ४० मिनिटं धरा, पेशी ६० मिनिटांत दुप्पट होते, तर खरं अर्धायुष्य किती? वाळव्याचा म्हणाला ५०. तासगावची पटकन म्हणाली, "सर, हे तर पॅरलल रेझिस्टन्स!" बरोबर. दर मिळवायचे, वेळा नाहीत. उत्तर २४.

१३ जानेवारी

साधं, सरळ रेषेतलं मॉडेल (तेच वजा गॅमा एक्स) चालवलं. पद्धत गिलेस्पीची, १९७७ पासूनची: पुढची घटना कधी आणि कोणती, दोन्ही रँडम आकड्यांवरून ठरवायचं. प्रत्येक रेणू वेगळा मोजला जातो, त्यामुळे पेशीपेशीतला फरक आपोआप दिसतो. फरक मोजायला फॅनो फॅक्टर घेतला, म्हणजे व्हेरियन्स भागिले सरासरी. प्रथिनं एकेक करून बनत असतील तर तो १ यावा, एका आरएनएवरून सरासरी ४ चा घोळका बाहेर पडत असेल तर ५ यावा. दोन्ही आले. इथे सांगण्यासारखं नवीन काही नाही.

१७ जानेवारी

वाळव्याचा आज दुपारी उगवला. घरचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट कारखान्याच्या यार्डात रात्रभर अडकला होता, वडील दमले म्हणून हा जाऊन बसला. "सर, नंबरच लागंना झालाय. तोडणी एकदम आली सगळ्यांची."

मी त्याला तिथेच फळ्याजवळ उभा केला. कारखान्याची गव्हाण दिवसाला ठरावीक टनच गिळते. ऊस कमी येतो तेव्हा ट्रॉली आली की रिकामी होते. आवक गाळपाच्या जवळ गेली की रांग लांबते, आणि आवक थोडीशी जरी वर सरकली तरी रांग थोडीशी नाही वाढत, रस्त्यावर येते. शेवटी कंटाळून काही जण दुसऱ्या कारखान्याकडे वळतात, तेवढीच सुटका. प्रोटीएज म्हणजे गव्हाण, शेपटीवालं प्रथिन म्हणजे ट्रॉली, आणि पेशी वाढल्यामुळे होणारी घट म्हणजे कंटाळून वळणारे. एका बाबतीत मात्र हे जुळत नाही: यार्डात नंबराने आत घेतात (निदान घ्यायला हवं), पेशीत नंबर नाही, जो रेणू सापडेल तो आत.

वजा गॅमा एक्समध्ये गव्हाणीला मर्यादाच नाही. दुप्पट ऊस आला तर ती दुप्पट वेगाने गाळते. असा कारखाना कुठे आहे?

२१ जानेवारी

समीकरण बदललं. प्रोटीएजची कमाल क्षमता मिनिटाला १०० रेणू धरली, क्षमतेच्या निम्म्या वेगावर येण्यासाठी ५० रेणू लागतात असं धरलं, आणि वाढीमुळे होणारी घट तीच ०.०२३१. आकडे आम्ही निवडलेले आहेत, कुठल्या प्रयोगातले नाहीत. पण वागणूक बघण्यासारखी आहे.

मिनिटाला ५० रेणू बनत असतील तर पेशीत साधारण ४८ सापडतात. ९० बनले तर २६०. १०० ला ४४०. ११० ला ७१५. म्हणजे ९० वरून ११० वर, जेमतेम सव्वाबावीस टक्के उत्पादन वाढलं आणि पेशीतला साठा पावणेतीन पट झाला. तासगावचीने आलेख काढून भिंतीवर चिकटवला. १०० च्या आसपास रेघ अशी वर वळते की कुणालाही वाटावं इथे काही तरी स्विच बसवलाय. स्विच काहीच नाही, फक्त क्षमता संपली.

उत्पादन थांबवलं तर घट कशी होते तेही पाहिलं. ४४० वरून निम्म्यावर यायला सुमारे २.३५ मिनिटं, तिथून पुन्हा निम्मं व्हायला १.४, तिथून ०.९. प्रत्येक वेळी अर्धायुष्य वेगळं. गर्दी असताना प्रोटीएज पूर्ण वेगाने चालू असतं, त्यामुळे घट जवळजवळ सरळ रेषेत होते, गर्दी ओसरली की मग ओळखीचा घातांकी उतार. 'या प्रथिनाचं अर्धायुष्य अमुक' हे वाक्य इथून पुढे मी जपूनच म्हणणार.

२७ जानेवारी

दोन प्रथिनं, एकच प्रोटीएज. दोघांची जनुकं वेगळी, प्रमोटर (जनुक सुरू करणारे डीएनएचे भाग) वेगळे, एकमेकांशी काही देणंघेणं नाही. दोन्ही मिनिटाला ४५ च्या दराने बनतात, प्रत्येकाचा साठा १३० च्या घरात. आता फक्त पहिल्याचं उत्पादन ६५ केलं. पहिलं ४२० वर गेलं हे ठीक. पण दुसरं, ज्याला हातही लावला नव्हता, १३० वरून २९० च्या वर चढलं. दुपटीहून जास्त.

सॅन दिएगोतल्या जेफ हेस्टी यांच्या गटाने २०११ मध्ये ई. कोलायमध्ये नेमकं हे दाखवलं होतं, आणि त्यांनीही ते रांगेच्या गणितानेच समजावलं. पुढे २०१४ मध्ये त्याच गटाने हा दोष उलटा कामाला लावला: एकच प्रोटीएज वाटून घेतल्यामुळे दोन वेगळी सर्किटं पेशीत एकमेकांशी झटक्यात जोडता येतात, कारण नवं प्रथिन बनण्याची वाट बघावी लागत नाही. मला ही चाल फार आवडली.

दोन्हींचं उत्पादन समान ठेवून सहसंबंधही मोजला. एकूण उत्पादन ५० असताना ०.३, ९० ला ०.६४, १०० ला ०.६८, १५० ला पुन्हा ०.४७. क्षमतेच्या काठावर सगळ्यात जास्त, पलीकडे गेलं की उतरतो. पलीकडे का उतरतो हे वाळव्याच्याने बरोबर सांगितलं: तिथे घट मुख्यतः पेशीच्या वाढीने होते, आणि पातळ होण्यात कुणी कुणाची जागा अडवत नाही.

३ फेब्रुवारी

कोड चालू ठेवून जुनं वाचन. २००० साली मायकेल एलोविट्झ आणि स्टानिस्लास लाइबलर यांनी रेप्रेसिलेटर बांधला: तीन प्रथिनं, पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं पहिल्याला. त्यांची नावं लॅकआय, टेटआर आणि लॅम्डा फेज या विषाणूचं सीआय. पेशी झोके घ्यायला लागल्या, एका झोक्याला अडीच तासांच्या आसपास, म्हणजे पेशीच्या दुप्पट होण्याहून बरंच सावकाश. झोके यावेत म्हणून तिन्ही दमनकर्त्यांना त्यांनी शेपट्या लावल्या होत्या. सिद्धांत सांगत होता की प्रथिनं लवकर मेली तर झोके सोपे. झोके आले, पण प्रत्येक पेशीचा ताल वेगळा आणि डगमगता. मग बरीच वर्षं सगळे म्हणत राहिले, पेशीत रेणू थोडे, गोंगाट (रँडम चढ-उतार) असणारच.

२००८ मध्ये स्ट्रिकर आणि हेस्टी वगैरेंनी वेगळ्या रचनेचा दोलक केला, त्याचा एक झोका १३ मिनिटांपर्यंत खाली आणता आला. त्यातही शेपट्याच.

आणि मग २०१६. हार्वर्डमध्ये योहान पॉलसन यांच्या गटाने जुना रेप्रेसिलेटर पुन्हा हातात घेतला. पेशी अरुंद नळ्यांत अडकवून पिढ्यान्‌पिढ्या बघत राहायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. त्यांना दिसलं की चमक दाखवायला ठेवलेलं शेपटीवालं प्रथिनच प्रोटीएजच्या दारात गर्दी करतंय आणि दमनकर्त्यांची घट बिघडवतंय. त्यांनी सर्किट अधिक गुंतागुंतीचं केलं नाही, उलट उतरवत नेलं: शेपट्यांची भानगड काढून टाकली, घट फक्त पेशीच्या वाढीवर सोडली. झोके लांबले आणि इतके नियमित झाले की फ्लास्कभर पेशी, आपसात काही निरोप न देता, एका तालात राहिल्या.

मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सोळा वर्षं लोक पेशीला दोष देत होते, आणि घोळ मोजणाऱ्या खुणेत होता." पूर्ण तसं नाही, पण वाक्य चांगलं आहे.

१० फेब्रुवारी

मॅडमचा खरा आक्षेप आज आला, आणि तो जिव्हारी लागणारा आहे. आमच्या रांगेच्या मॉडेलमध्ये प्रथिनं एकेक करूनच बनतात, घोळके नाहीत. तरी काठावर, १०० च्या उत्पादनाला, फॅनो ५.२ येतो. त्या म्हणाल्या, "उद्या मी स्लाइडवरच्या पेशींची चमक मोजली आणि फॅनो ५ आला, तर मी काय लिहू? प्रत्येक आरएनएमागे चारचा घोळका म्हणून लिहीन. सगळे तेच लिहितात. तुमची रांग मला दिसणार कशी?"

उत्तर नव्हतं. एका क्षणाचा फोटो दोन्हींत सारखाच.

तासगावचीने सुचवलं की दोन रंगांची प्रथिनं घ्यावीत. हीही एलोविट्झ यांच्या गटाची २००२ ची युक्ती: एकाच पेशीत सारख्या प्रमोटरवर निळसर आणि पिवळं, दोन्ही जोडीने हलतात तेवढा गोंगाट बाहेरचा, स्वतंत्र हलतात तेवढा आतला. छान, पण आमच्या मॉडेलमध्ये दोन शेपटीवाले रंग ०.६८ ने जोडीने हलतात. त्या युक्तीने हा सगळा हिस्सा 'बाहेरचा' म्हणून नोंदला जाईल, आणि आपण प्लाझमिडच्या (जनुक वाहणाऱ्या सुट्या डीएनए-वर्तुळांच्या) संख्येला किंवा रायबोसोमला दोष देत बसू. शेपटी काढून तोच प्रयोग केला आणि सहसंबंध पडला, तर मात्र रांगेवर बोट ठेवता येईल. कामाची सूचना आहे, वहीत ठेवली. पण त्यासाठी नवे स्ट्रेन (जिवाणूचे वाण) लागतात.

१७ फेब्रुवारी

ब्लीच-चेस या मोजणीच्या पद्धतीकडे वळलो. इस्रायलमध्ये वाइझमन संस्थेत उरी अलोन यांच्या गटाने २०११ मध्ये माणसाच्या पेशींतल्या १०० प्रथिनांची अर्धायुष्यं अशी मोजली. ती ४५ मिनिटांपासून साडेबावीस तासांपर्यंत निघाली. युक्ती सुंदर आहे. प्रकाशाच्या झोताने काही रेणूंची चमक घालवायची. रेणू जिथल्या तिथे राहतात, पेशीला काही कळत नाही, फक्त ते अदृश्य होतात. मग झोत दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींच्या चमकेतला फरक बघत राहायचा. तो फरक नेमका जुने रेणू काढले जाण्याच्या दराने मिटतो. प्रथिनं बनणं थांबवणारं औषध घालायची गरज नाही.

मला अडकवलं ते 'पेशीला काही कळत नाही' याने. अदृश्य झालेले रेणूही रांगेत उभेच आहेत! रांगेची लांबी बदललेली नाही. म्हणजे ब्लीच-चेस एका रेणूचं आयुष्य मोजतं. आणि पेशीत चुकून रेणू जास्त झाले तर ते सरासरीवर यायला किती वेळ लागतो, ही गोष्ट वेगळी. सरळ रेषेच्या मॉडेलमध्ये दोन्ही वेळा एकच असतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्याला जाणवतही नाही. रांगेत त्या फाकतात. ट्रॉली तासाभरात रिकामी होत असली तरी तुंबलेलं यार्ड सुरळीत व्हायला दोन दिवस जातात, हे वाळव्याच्याला समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या आकड्यांत, १०० च्या उत्पादनाला: एका रेणूचं अर्धायुष्य ३.०६ मिनिटं. चढ-उतार निम्म्यावर यायला १५.८ मिनिटं.

२० फेब्रुवारी

रात्री झोप लागेना म्हणून भागाकार करून बघितला. १५.८ ला ३.०६ ने भागलं. ५.२.

फॅनोही ५.२.

योगायोग वाटला म्हणून बाकीचे बघितले. १५० च्या उत्पादनाला रेणूचं अर्धायुष्य १०.४ मिनिटं, चढ-उताराचं २८.८, भागाकार २.८, आणि सिम्युलेशनचा फॅनो २.८. ५० ला ०.६६ आणि १.२७, भागाकार १.९, फॅनो १.९.

२१ फेब्रुवारी

सकाळी कागदावर दोन ओळींत निघालं, म्हणजे योगायोग नाही. एकेक करून बनणाऱ्या प्रथिनासाठी व्हेरियन्स म्हणजे उत्पादनाचा दर भागिले चढ-उतार विझण्याचा दर. त्याला सरासरीने भागलं की उत्पादन भागिले सरासरी, म्हणजेच एका रेणूच्या निघून जाण्याचा दर, वर येतो. झालं. घोळके असतील तर अख्ख्याला 'एक अधिक घोळक्याचा आकार' याने गुणायचं.

म्हणजे मॅडमना उत्तर मिळालं: फॅनोला दोन वेळांच्या गुणोत्तराने भागा, जे उरेल ते १ अधिक घोळका. गुणोत्तर १ आणि फॅनो ५ असेल तर सगळा गोंगाट घोळक्यांचा. गुणोत्तर ५ आणि फॅनो ५ असेल तर घोळके नाहीत, रांग आहे. फोटोत जे सारखं दिसत होतं ते दोन घड्याळं लावली की वेगळं होतं.

हे सूत्र लहान चढ-उतारांसाठीचं आहे. घोळके मोठे करत गेलो तसं सिम्युलेशन त्यापासून सुटत गेलं, कारण साठा मग वाकलेल्या रेघेच्या दोन्ही टोकांना धडका मारतो. कागदावरचा नियम म्हणून ठेवतो, कायदा म्हणून नाही. आणि रांगेचं गणित करणाऱ्यांना हे जुनंच वाटेल, त्यात शंका नाही.

२४ फेब्रुवारी

मॅडम खूश, पण सोडायला तयार नाहीत. मुद्दे तीन.

पहिला, जीएफपी बनल्याबरोबर चमकत नाही. त्याचा रंगद्रव्याचा भाग तयार व्हायला मिनिटं लागतात, आणि ऑक्सिजन लागतो. ३ मिनिटांचं अर्धायुष्य असलं तर अर्ध्याअधिक रेणू चमकायच्या आधीच मोडीत निघतील. म्हणजे दिसणारी संख्या आणि रांगेतली संख्या वेगळी. यावर उपाय मॉडेलमध्ये 'कच्चे' आणि 'पिकलेले' असे दोन गट ठेवणं. वाळव्याचा आजपासून त्यावर.

दुसरा, प्लाझमिडची संख्या पेशीगणिक वेगळी. तो गोंगाट सावकाश हलतो आणि चढ-उताराचा वेळ खोटाच लांबवून दाखवेल. जनुक गुणसूत्रावर बसवलेला स्ट्रेनच घ्यायचा, यावर त्या ठाम.

तिसरा, झोताने पेशीला इजा. अलोन यांच्या गटाने माणसाच्या मोठ्या पेशी घेतल्या, आमची पेशी दोन मायक्रॉनची. तिथे झोत कमी आणि नियंत्रण जास्त ठेवावं लागेल. झोत दिलेल्या पेशी न दिलेल्यांइतक्याच वेगाने वाढतात का, हे आधी.

४ मार्च

कच्चे-पिकलेले मॉडेल चालतंय. पिकायला १० मिनिटं धरली तर भागाकाराचा नियम जसाच्या तसा टिकत नाही. मात्र शेपटी कमकुवत घेतली, रेणूचं आयुष्य पिकण्याच्या वेळेहून बरंच लांब झालं, की पुन्हा जवळ येतो. एलव्हीएऐवजी एएसव्ही घ्यावी असा तासगावचीचा आग्रह. पण कमकुवत शेपटी प्रोटीएज भरूच शकली नाही तर? तेव्हा प्रोटीएजवर ओझं टाकायला दुसरं, न चमकणारं शेपटीवालं प्रथिन वेगळ्या प्रमोटरवर ठेवायचं, आयपीटीजी या प्रमोटर चालू करणाऱ्या रसायनाने हळूहळू वाढवायचं, आणि चमकणाऱ्याचे दोन्ही वेळ मोजत जायचं. ओझं वाढेल तसं गुणोत्तर आधी चढलं पाहिजे आणि मग उतरलं पाहिजे. घोळक्यांमुळे असं चढून उतरणं होणार नाही, कारण न चमकणाऱ्या प्रथिनाचा चमकणाऱ्याच्या घोळक्याशी संबंध नाही.

मॅडमनी फ्रीझरमधल्या स्ट्रेनची यादी काढली. जैवसुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीसाठी अर्ज त्या लिहितायत, मायक्रोस्कोपच्या वेळेची मागणी मी. मागणीत किती रात्री लिहायच्या यावर आमचं एकमत नाही.